सीताफळ, सुपारी आणि पेशी : डॉ. कमल रणदिवे



आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असते. यंदा ते लिहायचे काम माझ्याकडे आले आणि मी डॉ. कमल रणदिवे यांचे नाव सुचवले, तेव्हा या कोण, असे दोघातिघांनी तरी विचारले. विचारणारे आपल्याच खात्यात पंचवीस-तीस वर्षे काढलेले! भाभा, सेठना, रामण्णा ही नावे आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असतात. पण अणुऊर्जा खाते म्हणजे केवळ अणुभट्ट्या आणि आपले रत्नहळ्ळीचे संयंत्र नव्हे. परळचे टाटा रुग्णालय आणि त्याच्या शेजारचे कर्करोग संशोधन केंद्र हेही १९६२ पासून याच खात्याच्या छत्राखाली आहेत. त्या संशोधन केंद्राच्या संचालकपदाची धुरा १९६६ ते १९७० या काळात एका मराठी बाईंनी सांभाळली. आपल्यापैकी कित्येकांनी घरच्या कुणासाठी तरी परळची वारी केलेली आहे. त्या वारीत ज्या शास्त्राच्या आधारावर आपण आशा धरून बसतो, ते शास्त्र आपल्याकडे रुजवणाऱ्यांत कमलताईंचे नाव फार वरचे आहे.

मी त्यांना कमलताई म्हणते, पण आमचा परिचय कधीच नव्हता. मी मुलांना जीवशास्त्र शिकवते, एवढाच काय तो धागा. त्यामुळे चरित्र सांगता सांगता मधूनच फळ्याकडे वळले, तर सांभाळून घ्यावे.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. माहेरचे आडनाव समर्थ. वडील दिनकर दत्तात्रय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत, आईचे नाव शांताबाई. सर्व मुलांना चांगले शिकवायचे, त्यातही मुलींना, असा वडिलांचा निश्चय होता. म्हणून मुलगी हुजूरपागेत गेली. पुढे तिने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरच्याच घरात पडावे, अशी त्यांची इच्छा होती. कमलताईंनी या दोन्ही गोष्टी केल्या नाहीत! फर्ग्युसनमध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे विषय घेतले, आणि १९३९ साली लग्न केले ते जे. टी. रणदिवे या गणितज्ञाशी. सासर मुंबईचे. लग्नानंतरही त्यांचे शिक्षण थांबले नाही आणि त्यात यजमानांचा मोठा आधार होता. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी १९४३ साली एम.एस्सी. केले. त्या काळात लग्न झालेल्या मुलीने चार वर्षांनी एम.एस्सी. व्हावे, ही गोष्ट आज वाचताना साधी वाटते. आपल्या आज्यांना विचारले तर त्या सांगतील ती किती साधी होती ते.

एम.एस्सी.चा त्यांचा विषय मला फार आवडतो. सीताफळाच्या कुळाचे पेशी-आनुवंशिकीशास्त्र, असा तो विषय होता. या कुळात सीताफळ, रामफळ तर येतातच, शिवाय आपल्या अंगणातला हिरवा चाफा येतो आणि कुंपणाला रांगेने लावतात तो सरळसोट खोटा अशोकही येतो. अशा अभ्यासात काय करतात? कोवळ्या मुळाचे टोक किंवा कळीतला परागकोश घ्यायचा, त्यातील पेशी विभागत असतानाच त्यांना द्रावणात थांबवायचे, रंग द्यायचा, काचपट्टीवर अंगठ्याने दाबून पातळ थर करायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे मोजत बसायचे. सीताफळाच्या पेशीत ती १४ असतात, रामफळाच्या पेशीतही १४. वाचायला सोपे आहे, पण प्रत्यक्षात गुणसूत्रे एकमेकांवर पडतात, मुरडतात, आणि मोजणाऱ्याचा अंत पाहतात. गंमत म्हणजे त्या वेळच्या पुस्तकांत माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात असे छापलेले असे. ती ४६ आहेत हे १९५६ साली प्रसिद्ध झाले!

फळझाडांचा संकर करायचा तर ही मोजदाद लागतेच. बंगळूरजवळच्या हेसरघट्ट्याच्या फलोत्पादन संशोधन संस्थेने काढलेले अर्का सहान नावाचे गोड सीताफळ असेच संकरातून आले आहे.

आणखी एक गोष्ट घरी करून पाहा. सीताफळाची बी मधोमध कापली, तर आतल्या पांढऱ्या गरात तपकिरी घड्या दिसतात. अगदी फोडलेल्या सुपारीत दिसते तशी नक्षी. सीताफळ आणि सुपारी यांचे नाते तसे फार दूरचे, पण बीजातला अन्नसाठा घड्या घालून ठेवण्याची रीत दोघांतही आहे. सुपारीकडे पुढे यायचेच आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवले.

आता थोडे फळ्याकडे. पेशी म्हणजे जीवाचे सर्वांत लहान घर. इथली कन्नड मुले तिला जीवकोश म्हणतात, तोही शब्द छान आहे. १६६५ साली इंग्लंडात रॉबर्ट हूक याने बुचाच्या पातळ कापात ही घरे प्रथम पाहिली, पण ती रिकामी, मेलेली होती. पुढे १८३८ आणि १८३९ मध्ये जर्मनीत श्लायडेन याने वनस्पतींविषयी व श्वान याने प्राण्यांविषयी सांगितले की सारे शरीर पेशींचेच बनलेले असते. हे श्वान नाव लक्षात ठेवा. पुढे पुन्हा येणार आहे.

दूर्वा, विड्याचे पान, सीताफळ, उंदीर किंवा माणूस, कुणाचीही पेशी घ्या. तिला बाहेरून एक पातळ पेशीपटल असते. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला नाही हे ते ठरवते. आत केंद्रक असते. त्यात गुणसूत्रे, म्हणजे घराण्याची सारी कागदपत्रे. तंतुकणिका अन्न जाळून ऊर्जा देतात, रायबोसोम प्रथिने बांधतात. इथपर्यंत आपले आणि दूर्वांचे अगदी सारखे आहे. वनस्पतीच्या पेशीला मात्र आणखी तीन गोष्टी असतात. एक, पेशीपटलाच्या बाहेर सेल्युलोजची पक्की भिंत. दोन, मधोमध पाण्याने भरलेली मोठी रिक्तिका. तीन, हिरव्या भागांत हरितलवके, म्हणजे उन्हावर चालणारे स्वयंपाकघर.

गणपतीला वाहायच्या दूर्वा सकाळी खुडून ठेवल्या की दुपारी मान टाकतात. भिंती जागच्या जागी असतात, पण रिक्तिकेतले पाणी गेलेले असते. फुगा ढिला पडला की डबा आतून रिकामा होतो तसे. त्यांवर पाणी शिंपडून ओल्या फडक्यात गुंडाळल्या की बऱ्याचदा पुन्हा ताठ होतात. दरवर्षी आपल्या मंडपात बायका हे करतात, ती सारी रिक्तिकेचीच करामत आहे. प्राण्यांच्या पेशीला ना भिंत, ना एवढी मोठी रिक्तिका. म्हणून आपल्याला उभे राहायला हाडे लागतात. पण भिंत नाही म्हणूनच स्नायूची पेशी आखडू शकते, पाठीच्या कण्यातून निघालेला मज्जापेशीचा धागा पायाच्या अंगठ्यापर्यंत जातो आणि रक्तातली पांढरी पेशी सरपटत जखमेपर्यंत पोचते.

भिंतीच्या या पेशीपासून बिनभिंतीच्या पेशीकडे कमलताई वळल्या, ते मुंबईत. परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले होते आणि तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर, भारतातील विकृतिशास्त्राचे आद्य आचार्य. कमलताई त्यांच्या हाताखाली काम करू लागल्या. सीताफळे गेली आणि उंदीर आले. गणपतीच्या वाहनाशी त्यांचा संबंध तेव्हापासूनचा, आणि तो जन्मभर टिकला!

उंदरांच्या काही घराण्यांतील माद्यांना स्तनाचा कर्करोग हमखास होतो, काहींना क्वचित होतो. असे का? खानोलकर आणि कमलताई यांनी अशी चार घराणी घेतली, त्यांच्या निरोगी स्तनग्रंथींची रचना शेजारी शेजारी ठेवून तपासली आणि १९४७ साली तो अभ्यास प्रसिद्ध केला. यातली दृष्टी पाहण्यासारखी आहे. गाठ झाल्यावर गाठीकडे सगळेच पाहतात. गाठ होण्याआधी, सारे ठीक दिसत असताना, त्या पेशींत काही वेगळे आहे का, हे यांनी पाहिले. सीताफळ आणि रामफळ शेजारी ठेवून पाहण्याची सवय इथे उपयोगी पडली असावी, असे मला आपले वाटते. या कामावर १९४९ साली त्यांना मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. पुढे परळच्या संस्थेत उंदरांचा एक शुद्ध वंशच जोपासला गेला आणि त्याला संस्थेचेच नाव मिळाले. आनुवंशिकता, शरीरातील संप्रेरके आणि आईच्या दुधातून पिलात जाणारा विषाणू, या तिघांची मिळून उंदरांतील हा रोग घडवण्यात कशी भागीदारी असते, हा त्यांच्या संशोधनाचा मोठा विषय राहिला.

कर्करोग म्हणजे मुळात पेशीचाच बिघाड. निरोगी पेशी शेजारणीला टेकली की वाढ आवरते. कर्कपेशी आवरत नाही. ती विभागतच राहते, आणि भिंत नसल्यामुळे जागा सोडून रक्तातून, लसिकेतून दुसरीकडे जाऊन बिऱ्हाड करते. झाडांनाही गाठी येतात. आपण खोडावर त्या पाहतो. पण झाडाच्या पेशी भिंतींनी एकमेकींना जखडलेल्या असतात, त्यामुळे एका फांदीवरची गाठ उठून दुसऱ्या फांदीवर जात नाही. आपल्याला चालता येते, हात हलवता येतात, त्याची किंमत आपण अशी मोजतो. किरणोपचाराचे सारे गणितही इथलेच आहे. वेगाने विभागणाऱ्या पेशीच्या केंद्रकातील कागदपत्रांवर किरणे घाव घालतात आणि ती पेशी पुढे विभागू शकत नाही. त्यासाठी लागणारे कोबाल्टचे यंत्र, भाभाट्रॉन, आपल्याच भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवले आहे हे आपणास माहीत आहेच.

पीएच.डी.नंतर रॉकफेलर शिष्यवृत्तीवर कमलताई अमेरिकेत बाल्टिमोरला गेल्या, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत. तेथे त्या ऊतिसंवर्धन शिकल्या. शब्द बोजड आहे, अर्थ सोपा आहे. शरीराचा बारीकसा तुकडा काढायचा आणि काचेच्या नळीत त्यातील पेशी जिवंत ठेवून वाढवायच्या. गाय हे या कामातले उस्ताद. त्यांनी एक फिरते पिंप बनवले होते. त्यात नळ्या बसवायच्या आणि ते अगदी सावकाश फिरत ठेवायचे, म्हणजे पेशींना आळीपाळीने रस आणि हवा मिळते. खुराक काय? कोंबडीच्या रक्तातील द्रव, वासराच्या गर्भाचा अर्क, माणसाच्या नाळेतील रक्ताचा द्रव, असा सारा काढा. एवढे करूनही माणसाच्या पेशी काही दिवसांत मरत. १९५१ साली याच प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतील पेशी मात्र मेल्याच नाहीत. आजही त्या जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. बाई त्याच वर्षी ऑक्टोबरात वारल्या. त्यांची परवानगी कोणी घेतली नव्हती आणि घरच्यांना याचा पत्ता दोन दशकांनी लागला. शास्त्राच्या इतिहासातील ही बोच वगळून या प्रयोगशाळेचे कौतुक करणे मला जमत नाही.

वनस्पतींच्या बाबतीत हेच काम अधिक सोपे, कारण त्यांच्या पेशी कमालीच्या सोशिक. आणि त्यांचा एक उत्तम खुराक आपल्या पूजेत दरवर्षी असतो, तो म्हणजे नारळाचे पाणी. त्यात वाढलेले वनस्पतीचे गर्भ चांगले पोसतात हे १९४१ साली दिसून आले. नारळाचे पाणी हे बीजातला पातळ अन्नसाठाच आहे, आणि कोवळ्या शहाळ्यात तर त्यात मोकळी केंद्रके तरंगत असतात. त्यांच्याभोवती पुढे भिंती बांधल्या जातात आणि आपल्याला मोदकासाठी खोबरे मिळते!

अमेरिकेत शिकून तिथेच राहणे तेव्हाही अनेकांनी पत्करले होते. कमलताई परत आल्या. १९५२ साली परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले होते, त्याचे प्रमुख खानोलकरच. तेथे कमलताईंनी प्रायोगिक जीवशास्त्राची आणि ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. ऊतिसंवर्धनाची ही देशातील पहिली प्रयोगशाळा मानली जाते. आपल्यापैकी ज्यांनी शून्यातून एखादा विभाग उभा केला आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. उपकरणापेक्षा माणूस तयार करणे अवघड. पेशींच्या कामात तर एक बुरशीचा कण पडला की महिन्याची मेहनत वाया. हात धुण्यापासून सारे शिकवावे लागते. कमलताईंच्या हाताखाली अशी एक पिढी तयार झाली आणि कर्करोगाच्या संशोधनात पेशीविज्ञान हे स्वतंत्र अंग म्हणून उभे राहिले.

त्यांच्या सन्मानांत कुष्ठरोगाच्या कामाचा उल्लेख नेहमी येतो. १९६४ साली त्यांना भारतीय वैद्यक परिषदेचे पहिले रौप्यमहोत्सवी संशोधन पारितोषिक आणि कुष्ठरोगाच्या कामासाठी वाटुमल प्रतिष्ठानचे पारितोषिक मिळाले. पेशीचा आणि कुष्ठरोगाचा काय संबंध, असे वाटेल. कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सेनने १८७३ साली दाखवला, पण तो बशीतल्या खुराकावर आजवर कोणालाही वाढवता आलेला नाही. त्याला राहायला जिवंत पेशीच लागते. मज्जातंतूंना वेढून बसणाऱ्या ज्या पेशींत तो घर करतो, त्या श्वान पेशी, त्याच मघाच्या श्वानच्या नावाच्या. म्हणून तर या रोगात संवेदना जाते, बोट भाजले तरी कळत नाही. जंतू पेशीत राहणारा, तेव्हा पेशी वाढवणाऱ्यांकडे लोक येणारच. बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी १९५८ साली रोग्यांच्या गाठींतून एक जंतू वेगळा काढून वाढवला. तो खरा कुष्ठजंतू नव्हे, त्याच्या भावकीतला निघाला. पण शरीराची प्रतिकारशक्ती जागी करण्यापुरते दोघांत साम्य होते. त्याच जंतूपासून पुढे त्याच संस्थेत डॉ. म. गो. देव यांच्या चमूने १९७९ च्या सुमारास लस तयार केली. दक्षिण भारतात लाखाहून अधिक लोकांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष १९९८ साली आला, त्यात या लशीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे दिसले. तोवर बहुऔषधी उपचाराने रोग बराच ओसरला होता आणि लस घरोघरी पोचली नाही. लशीचे सारे श्रेय कमलताईंना देणारे लेख मी वाचले आहेत. ते बरोबर नाही. त्यांचे काम पहिल्या पायरीचे, आणि तेवढेही पुष्कळ आहे.

माझ्या मते आपल्यासाठी त्यांचे सर्वांत मोलाचे काम वेगळेच आहे, आणि ते सुपारीविषयी आहे.

आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण पूर्वीपासून फार. तंबाखूवर संशय होताच. पण आपण तंबाखू नुसती कुठे खातो? पान, चुना, कात, सुपारी आणि तंबाखू, सारे एकत्र. मग यातला गुन्हेगार कोण? आणि बाकीचे निरपराध का? हे माणसाला विचारून कळत नाही. कमलताई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमस्टर घेतला. उंदरासारख्या या प्राण्याच्या गालांत धान्य साठवायच्या पिशव्या असतात. पान खाणारा गालात तोबरा धरतो, तशी ही सोयच झाली. पिशवीच्या आतल्या कातडीला सुपारीचा, तंबाखूचा अर्क वेगवेगळा आणि एकत्र लावून, महिनोन्महिने तेथील पेशींत काय होते ते तपासले. १९७६ साली हे काम प्रसिद्ध झाले आणि संशयाची सुई नुसत्या तंबाखूवरून सुपारीकडेही वळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८५ साली तंबाखू घातलेल्या विड्याला कर्करोगकारक ठरवले. तंबाखू नसलेला विडा आणि नुसती सुपारी हीही माणसात कर्करोग करतात, हे तिने मान्य केले २००४ साली. म्हणजे परळच्या हॅमस्टरने जे सुचवले, ते जगाने पक्के म्हणायला अठ्ठावीस वर्षे लागली.

सुपारी एवढी टणक का, तर तिच्या अन्नसाठ्यातील पेशींच्या भिंती भलत्याच जाड असतात. त्या कोरड्या कणांचा घासा आणि सुपारीतील अल्कलॉइडे, दोन्ही गालाच्या नाजूक पेशींवर रोज पडतात. खालच्या थरातील तंतू बनवणाऱ्या पेशी मग गरजेपेक्षा जास्त तंतू विणू लागतात. गाल आतून पांढरट आणि ताठ होतो, तोंड दोन बोटेही उघडेनासे होते. हा टप्पा पुढच्या रोगाची वर्दी असतो. पंचविशीतल्या मुलांत हे दिसते, आणि त्यातल्या पुष्कळांनी तंबाखूला हातही लावलेला नसतो. फक्त सुगंधी सुपारीच्या पुड्या.

आपण पूजेला बसलो की मूर्तीच्या आधी तांदळावर सुपारीच गणपती म्हणून मांडतो. या म्हैसूरच्या मुलखात तर एले-अडिके, म्हणजे पान-सुपारी, हातावर ठेवल्याशिवाय कोणतेही निमंत्रण पुरे होत नाही. म्हैसूरच्या पानांची कीर्ती सर्वदूर आहे, आणि शिवमोग्याकडच्या शेतकऱ्यांचे संसार सुपारीवर चालतात, हेही खरे. त्यामुळे हे लिहिताना माझा हात थोडा अडखळतो. पण चौरंगावरची सुपारी वेगळी आणि महाप्रसादानंतर तबकातून फिरणारी वेगळी. उत्सव समितीने राग मानू नये, यंदा तबकात बडीशेप, धणाडाळ आणि ओवा ठेवावा अशी माझी लेखी सूचना समजावी. पोरेटोरेही त्या तबकात हात घालतात.

असो. १९७३ साली कमलताईंनी अकरा सहकारी घेऊन भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. प्रयोगशाळेत शिरलेल्या मुली लग्न झाले, मूल झाले की का गळतात, हे त्यांनी जवळून पाहिले होते. त्यांचा स्वतःचा मुलगा अनिल प्रयोगशाळेच्या धामधुमीतच वाढला. भाषणांनी हे सुटत नाही, मूल सांभाळायला जागा लागते आणि परगावच्या मुलीला राहायला खोली लागते, हे ओळखून संघटनेने वाशीला वसतिगृह आणि पाळणाघर चालवले. तुर्भ्याला नोकरीच्या निमित्ताने आलेल्या आपल्या खात्यातील अनेक मुलींची पहिली रात्र वाशीच्या कुठल्या ना कुठल्या वसतिगृहात जाते. त्यांतील एक कोणी उभे केले, हे त्यांना कळले तर बरे वाटेल.

१९८२ साली कमलताईंना पद्मभूषण मिळाले. संघटनेच्या मार्फत त्या अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील आदिवासी भागात गेल्या. मुलांची उंची, वजन, आहार यांच्या नोंदी केल्या, गावातील बायकांना आरोग्याचे आणि आहाराचे प्रशिक्षण दिले. वयाची सत्तरी ओलांडल्यावरही हे काम सुरू होते. ज्यांनी आयुष्यभर एकेका पेशीला काय खाऊ घालायचे याचा हिशेब ठेवला, त्या म्हातारपणी अकोले तालुक्याच्या बाजूला अंगणातल्या पोरांच्या ताटात काय पडते याचा हिशेब ठेवत होत्या.

२००१ साली त्यांचे निधन झाले. त्यांची परळची संशोधन संस्था दुसऱ्याच वर्षी खारघरला मोठ्या आवारात हलली. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी, त्यांच्या १०४ व्या जन्मदिनी, गूगलने आपल्या पहिल्या पानावर त्यांचे चित्र लावले. त्या दिवशी माझ्या वर्गातील एका कन्नड मुलीने मला विचारले, मिस, या तुमच्या मराठी का? मी हो म्हटले. मग तिने विचारले, यांनी काय केले? तास संपायला दहा मिनिटे होती. मी फळ्यावर आधी सीताफळाची पेशी काढली, भिंतीसकट, आणि शेजारी गालाची.